हाराच्या आतलं कोपर

इंदिराकाकूंच्या तेरवीला अंजनीकाकू भिंतीवरच्या फोटोपुढे नमस्काराला उभ्या राहिल्या आणि हात जोडता जोडता थांबल्या. मग मागे सरकून माझ्या आईच्या कानाशी आल्या नि म्हणाल्या, "अवो, हे कोपर माझं आहे."

इंदिराकाकू म्हणजे अंजनीकाकूंची मोठी जाऊ. त्यांचा एकटीचा असा एकही फोटो घरात सापडला नव्हता. म्हणून त्यांच्या मुलाने, विष्णूने, स्वतःच्या लग्नातला सगळ्या बायकांचा फोटो स्टुडिओत नेऊन दिला होता, आणि स्टुडिओवाल्याने त्यातून इंदिराकाकूंना कापून मोठं केलं होतं. चेहरा पिठासारखा गोरा केला होता. मागे निळं आभाळ लावलं होतं. पण शेजारी खेटून उभ्या असलेल्या जावेचं कोपर काही त्याला काढता आलं नव्हतं. चॉकलेटी ब्लाउजची बाही, दोन हिरव्या बांगड्या आणि कोपर. त्याच्यावरून चंदनाचा हार गेला होता.

"म्हणजे मी अर्धी टांगल्या गेलीच आहो," अंजनीकाकू म्हणाल्या. आईने त्यांना चिमटा काढला, पण तिलाही हसू आवरेना. दोघी पदरात तोंड खुपसून उभ्या राहिल्या. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, जावेसाठी किती रडते आहे.

त्या दिवशी घरी येऊन अंजनीकाकूंनी नवऱ्याला, अंबादासकाकांना, सांगितलं, "माझ्या फोटोत कोणाचं कोपर नको. आतापासून सांगून ठेवते."

काकूंचं पोट तेव्हा दुखायला लागलं होतं. त्या दुखण्याला अजून नाव मिळालेलं नव्हतं.

अंबादासकाका ढोमणे कांचघर मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहतात. दोन अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत आहे, आणि माझ्या लहानपणापासून वाट्या, बातम्या आणि कढीपत्ता त्या भिंतीवरूनच इकडून तिकडे जात आला आहे. त्यांचे वडील आर्वीकडून खमरियाच्या कारखान्यात कामाला आले होते. पुढे राज्यं नव्याने आखली गेली. सगळे सोयरे महाराष्ट्रात गेले आणि हे घर मध्य प्रदेशात राहिलं. काकाही त्याच कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. काम दारूगोळ्याचं. हात लावण्याआधी कागदावरची ओळ मोठ्याने वाचायची, वाचलं तेवढंच करायचं, मग पुढची ओळ. "क्रम सोडला का माणूस जाते," असं ते सांगत. त्यात बढाई नसे. 'चहा गरम आहे' म्हणावं तसं सांगत.

ही शिस्त त्यांनी घरी आणली. श्रावणात पोथी लावली की रोज ठरलेला अध्याय, अंघोळ करून, त्याच पाटावर. एका वर्षी मधेच त्यांना ताप आला आणि वाचन राहिलं. काकू म्हणाल्या, मधले दोन नजरेखालून घाला आणि समाप्ती ठरल्या दिवशी करा. काकांनी ऐकलं नाही. जिथे थांबले होते तिथून पुन्हा सुरू केलं. समाप्तीचं जेवण पुढे गेलं, काकूंना सगळ्या गल्लीला दुसऱ्यांदा आमंत्रण द्यावं लागलं. भिंतीवरून त्या आईला म्हणाल्या होत्या, "आमच्या घरी देवाले बी लाइनीत उभं राहा लागते."

त्यांना मूल एक झालं होतं. ते राहिलं नाही. त्याबद्दल ती दोघं बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

तेरवीनंतर परत हैदराबादला जाण्याआधी विष्णू त्यांच्याकडे येऊन गेला. कोपराची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती आणि तो ओशाळला होता. त्याने आपला जुना कॅमेरा आणला होता. मोठा, काळा, लेन्स काढता-घालता येणारा, आणि त्याच्याबरोबर एक जाड इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक.

"काका, मी आता मोबाईलवरच काढतो. हा पडूनच राहते. तुम्ही काकूचा काढा, छान, मोठा."

काकांनी कॅमेरा लगेच हातात घेतला नाही. कारखान्याच्या गेटवर पाटी होती: विडी, काडेपेटी, कॅमेरा आत नेऊ नये. सगळी नोकरी त्यांनी ती पाटी रोज वाचली होती. कॅमेरा ही त्यांच्या मनात काडेपेटीशेजारची वस्तू होती.

"स्टुडिओत जाऊ न आपण," ते म्हणाले.

"मी नाही जात स्टुडिओत," काकू म्हणाल्या. "तो म्हणते, 'माताजी, जरा स्माइल.' परक्या माणसानं सांगून मले हसू येत नाही. तुम्ही काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून काकांची हाक आली. "जया, तुले वेळ आहे का वो, बेटा? इंग्रजी आहे हे."

मी नुकतीच इंग्रजी साहित्यात एम.ए. झाले होते आणि घरी बसून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. मला वेळच वेळ होता. मी भिंतीला वळसा घालून गेले तर काकांची अंघोळ झाली होती, कपाळाला गंध होतं, आणि पुस्तक पोथीच्या पाटावर ठेवलेलं होतं.

"काका, हे देवाचं नाही."

"विद्या आहे न? मंग?"

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "अगरबत्ती लावू का?"

काकांनी खरंच विचार केला. "नको. धूर आत जाईन त्याच्या."

मी अनुक्रमणिका वाचून दाखवली. नऊ धडे होते. कॅमेऱ्याचे भाग, नेम कसा धरायचा, वेग, लेन्सची उघडझाप, अंधारातलं काम, उजेडाचे रंग, फ्लॅश, चौकटीची मांडणी. शेवटचा, नववा, माणसाच्या चेहऱ्याचा.

"काका, आपल्याला हाच लागेल ना? आपण इथूनच सुरू करू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पान उलटून पहिल्या धड्यावर आले.

पहिल्याच सकाळी त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "काही दिसून नाही राहिलं."

काकू पोळी लाटत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "झाकण काढा. डब्याचं झाकण काढल्याशिवाय कोणाले दिसते?"

लेन्सवरचं झाकण निघालं. दुसऱ्या धड्यात नेम आला. बटन अर्धंच दाबायचं, लेन्स आतल्या आत फिरते, आणि समोरची वस्तू स्पष्ट झाली की कॅमेरा बारीकसा आवाज करतो. काकांनी तुळशीवर नेम धरला. टीं.

"पाखरू बोललं," काकू म्हणाल्या. तेव्हापासून तो आवाज पाखराचा झाला. काका अंगणात कुठेही वाकलेले दिसले की त्या आतून विचारत, "बोललं का पाखरू?" आणि काका गंभीरपणे सांगत, "बोललं."

मला मात्र पहिल्या धड्यापासूनच मराठी अपुरी पडत होती. चार ओळींच्या कवितेवर चार पानं लिहायची मला सवय होती, तीही इंग्रजीत. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं, आणि आकडा लहान असेल तेव्हा भोक मोठं असतं, हे मला काकांना समजेल असं सांगता येईना. शेवटी म्हटलं, डोळ्याची बाहुली असते ना, अंधारात मोठी होते, उन्हात लहान होते, तशी. काका काकूंकडे गेले, त्यांना खिडकीजवळ उभं करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, मग हाताने ऊन अडवून पुन्हा पाहिलं. काकू लाजल्या. "काय पाहून राहिले? पोरगी बसली आहे न समोर."

"होते लहान-मोठी," काकांनी परत येऊन मला सांगितलं.

वेगाच्या धड्याला त्यांनी अंगणातला नळ सोडला. वेग वाढवला, बटन दाबलं, आणि मागच्या काचेवर चित्र उमटलं: नळ सुरू, आणि पाणी जागच्या जागी. एकेक थेंब वेगळा, मण्यासारखा. काका ते घेऊन घरभर फिरले. काकूंनी हात पदराला पुसून चित्र जवळ धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"थांबवता येते तर," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ती दोघं नागपूरला जाऊन आली होती, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. काकांनी गल्लीत सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळलं की बरं होते. काकूंनीही तेच सांगितलं. फक्त परत आल्यावर त्यांनी कपाटातल्या साड्या उन्हात घातल्या, वर्षानुवर्षं न नेसलेल्यासुद्धा, आणि एक मोतिया रंगाची साडी घडी करून वेगळी ठेवली. आईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "फोटोची."

चौथ्या धड्यात तीन वस्तू एका मागे एक मांडायच्या होत्या. पुस्तकातल्या चित्रात दारूच्या बाटल्या होत्या.

"हे काय वाचून राहिले तुम्ही?" काकूंनी वाकून पाहिलं. "यात तं पिणं शिकवून राहिले."

"आपल्या घरात बाटल्या नाहीत," काका चिंतेने म्हणाले.

"बाटल्या नाहीत म्हणून धडा अडते का? बरण्या घ्या."

तीन चिनीमातीच्या बरण्या ओट्यावरून अंगणातल्या बाकावर आल्या. लिंबाची, आंब्याची, मिरचीची. तिन्हींच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि फडक्याला काकू नेहमी मारत ती फुलासारखी गाठ. बरण्या फुटू नयेत म्हणून काकू बाकाच्या मागे स्टूल घेऊन राखणीला बसल्या. काका गुडघ्यांवर टेकले, पुढच्या लिंबाच्या बरणीवर नेम धरला. भोक पूर्ण उघडं. पुस्तकाप्रमाणे मागच्या दोन बरण्या धूसर व्हायला हव्या होत्या.

"काका, वाकडं दिसतंय," मी म्हटलं.

"बरणीच वाकडी आहे ते," काकू म्हणाल्या. "लग्नात आली तेव्हापासून. माझ्या सासूनं मलेच म्हटलं होतं, सूनबाई, तुमच्याकडून आलेलं सगळंच वाकडं काहून?" आणि आपल्याच बोलण्यावर त्या मान मागे टाकून हसल्या.

टीं. मग खट्.

चित्रात लिंबाची बरणी अशी आली होती की तिच्यावरची बारीक चीरसुद्धा दिसावी. फडक्याचा धागा न् धागा दिसत होता. मागच्या बरण्या मऊ झाल्या होत्या. त्यांच्याही मागे, धुक्यातून पाहावं तशा, काकू हसत होत्या.

"छान आली," त्या म्हणाल्या. "बरणी. मी तं पाहुणी आल्यासारखी मागे बसली आहो."

काकांनी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. "बरोबर आहे. असंच यायले पाहिजे." आणि पाटावरच्या पुस्तकात चौथ्या धड्याच्या शेवटी मोरपीस ठेवलं.

दसऱ्याला त्यांनी कॅमेऱ्याची पूजा केली. कारखान्यात हत्यारांची करत तशी. हळदीकुंकवाचं बोट कॅमेऱ्याच्या माथ्यावर लावलं, आपट्याची पानं वाहिली. कुंकू बटनाशेजारच्या फटीत गेलं आणि तिथेच राहिलं. काकू उठून पूजेला बसल्या होत्या, पण आरतीला त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बांगड्या मनगटावर ठरत नव्हत्या. ताट वर उचललं की घसरत कोपरापर्यंत जात. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि बांगड्या परत मनगटावर आल्या.

धडे हळूहळू पुढे सरकत होते. पाचवा धडा संपला असं मला वाटलं तर काका म्हणाले, पुन्हा एकदा वाच, मले नाही समजला. समजला होता. आदल्या दिवशी त्यांनी मलाच समजावून सांगितला होता. मी पुन्हा वाचला. सहाव्यात उजेडाचे रंग आले. सकाळचा पिवळा, दुपारचा पांढरा, सावलीतला निळा. काकांनी तो धडा सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि ढग आले त्या दिवशी पुन्हा एकदा केला. प्रत्येक वेळी बाकावर एक रिकामी वाटी ठेवून.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी काकूंनी मला भिंतीवरून नाही, माझ्या आईकरवी बोलावलं. भिंतीपर्यंत येणं त्यांना होत नव्हतं. त्यांची अंघोळ झाली होती. मोतिया साडी पलंगावर होती.

"नेसवून दे वो. निऱ्या माझ्यानं नाही होत."

मी साडी नेसवली. कमरेला ती दोनदा जास्त फिरली. त्यांनी डोरलं सरळ केलं, कुंकू लावलं, आरशात पाहिलं. माझ्या हाताला धरून अंगणात आल्या, खुर्चीवर बसल्या. थंडीचं कोवळं ऊन होतं. त्यांच्या एका गालावर पडलं होतं आणि दुसरा सावलीत होता.

"चला, काढा आता."

काका पुस्तक घेऊन आले. "आपला सहावा चालू आहे."

"बरं."

"चेहऱ्याचा नववा आहे."

"मंग सातवा-आठवा मागून वाचा. मी काय पळून चालली का?"

"तसं नसते, अंजनी. क्रम सोडून नाही चालत."

मी म्हटलं, "काका, मी आत्ता वाचते तो धडा. फार मोठा नाहीये." मी पुस्तकाकडे हात केला तर त्यांनी पुस्तकावर आपला पंजा ठेवला. जोर लावला नव्हता. नुसता ठेवला होता. पण मला तो बाजूला करता आला नाही.

"मोबाईलवर काढू का मी, काकू?"

"नको, पोरी. त्यांनाच काढू दे." मग त्या काकांकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तसा. "आयका. फोटो काढला म्हणून मी जात नाही. अन् नाही काढला म्हणून राहत नाही."

काकांनी कॅमेरा उचलला. झाकण काढलं. एक डोळा मिटला. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांच्या खांद्यावरून मला काकू दिसत होत्या, ताठ बसलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवर, ओठांवर हसू यायच्या बेतात.

टीं.

"बोललं," काकू म्हणाल्या. आणि हसल्या.

काकांचं बोट बटनावर होतं. कुंकवाच्या डागाशेजारी. ते खाली गेलं नाही. मी वाट पाहिली. काकूंनी हसू धरून ठेवलं होतं, ते हळूहळू थकत गेलं. मग काकांनी कॅमेरा डोळ्यापासून काढला आणि झाकण लावलं. झाकण लवकर बसेना.

"उजेड सरकला," ते म्हणाले.

ऊन होतं तिथेच होतं. काकूंच्या गालावर.

"बरं," काकू म्हणाल्या. "उद्या."

ती साडी त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडली नाही. पलंगावर तशाच पडून राहिल्या, घडी मोडू नये म्हणून कूस न बदलता. उद्या सकाळी त्यांना उठवेना. परवाही नाही. मग दवाखाना झाला, मग पुन्हा घर, मग पुन्हा दवाखाना. विष्णू हैदराबादहून येऊन जाऊन राहू लागला. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत काका डबा, चादर आणि पुस्तक भरत. कॅमेरा नाही, पुस्तक. मी तिथे बसून सातवा धडा वाचायला घेतला होता. काकू डोळे मिटून ऐकत. एकदा त्यांनी मधेच विचारलं, "कितवा?"

"सातवा," काका म्हणाले.

काकूंनी मान हलवली. मला ती मान अजूनही कळत नाही. 'छान' अशी होती की 'पुरे' अशी.

संक्रांतीच्या आधीच त्या गेल्या. दुपारच्या वेळी, काका नळावर तांब्या विसळत असताना. सातवा धडा अर्धा झाला होता.

सुतकात पोथी वाचत नाहीत. काकांनी पुस्तकही उघडलं नाही. ते बाकावर बसून राहत, आणि भेटायला आलेल्यांना चहा मिळाला का एवढंच विचारत. तेरवीच्या दोन-तीन दिवस आधी विष्णू त्यांच्याजवळ येऊन बसला. त्याच्या हातात मोबाईल होता आणि एक जुनं पाकीट.

"काका, फोटो लागेल न. मोबाईलमधले आहेत, पण ते सगळे दवाखान्यातले. नळी लागलेले." मग त्याने पाकिटातून फोटो काढला, जपून. "यात काकू छान आली आहे."

त्याच्या लग्नातला, सगळ्या बायकांचा फोटो होता. अंजनीकाकू चॉकलेटी ब्लाउजमध्ये, हिरव्या बांगड्या घालून. शेजारी खेटून इंदिराकाकू. दोघींच्या मधे बोट घालायला जागा नव्हती.

काकांनी फोटो हातात घेतला, दोघींना पाहिलं, आणि विष्णूला परत दिला. "कोपर येईन," ते म्हणाले. "वहिनीचं."

विष्णूने फोटो परत पाकिटात घातला. काका आत गेले आणि कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आले. "जया, तू चाल माझ्यासंगं."

आम्ही कांचघरातल्याच स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने कार्ड घातलं. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकू लागली. तुळस. नळ. थांबलेलं पाणी. वाटी, पिवळ्या उजेडात. वाटी, पांढऱ्या उजेडात. वाटी, निळ्या उजेडात. नुसती वाटी. आणि या सगळ्यांत एकच चित्र, ज्यात काकू होत्या.

"ये वाला," काकांनी बोट ठेवलं.

तो माणूस भला होता. त्याने चित्र मोठं केलं, मग आणखी मोठं केलं, आणि मान हलवली. "अंकल, ये तो आउट ऑफ फोकस है. चेहरा साफ नहीं आएगा."

"मालूम है."

"आगे का मर्तबान काट दूँ? कम से कम फ्रेम में सिर्फ आंटी रहेंगी."

"नहीं," काका म्हणाले. "रहने दो. उसी का है."

तेरवीला भिंतीवर तोच फोटो होता. पुढे लिंबाची बरणी, फडक्यावरची गाठ, ती बारीक चीर, सगळं हात लावून पाहावं इतकं स्पष्ट. आणि मागे, मऊ, ओळखू येतील न येतील अशा काकू, मान मागे टाकून हसणाऱ्या. हार दोघींना मिळून घातलेला. लोक येत, नमस्कार करत आणि गोंधळत. काकूंच्या माहेरच्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत जवळ गेल्या, डोळे बारीक करून पाहिलं.

"काय वो अंबादासराव, फोटो हलला वाटते."

"नाही हलला, मावशी," काका म्हणाले. "फोकस बरणीवर आहे."

महिनाभराने भिंतीवरून हाक आली. "जया, वेळ आहे का?"

अंघोळ झाली होती. पुस्तक पाटावर होतं. मी सातव्या धड्याच्या राहिलेल्या भागापासून सुरू केलं. आठवा झाला. प्रत्येक धड्यातलं काम काकांनी केलं. फ्लॅश लावून भिंतीचा फोटो काढला, चौकटीत दार मांडलं. पाखरू बोलत होतं. आतून कोणी विचारत नव्हतं. नवव्या धड्याला मी आले तेव्हा माझं वाचणं मंदावलं. मी पुढची ओळ डोळ्यांनी आधीच वाचली होती.

"वाच न, बेटा."

"लिहिलंय," मी म्हटलं, "माणसाचा फोटो काढताना एकच नियम आहे. डोळ्यांवर नेम धरा. डोळे स्पष्ट आले की बाकी सगळं चुकलं तरी चालतं."

बाकावर एक चिमणी येऊन बसली आणि उडाली.

"एवढंच?"

"पुढे आहे अजून. खिडकीचा उजेड, पार्श्वभूमी..."

"पण पहिलं हे आहे."

"हो."

"पुढं वाच."

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. धडा खरंच मोठा नव्हता. काकांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं. मग ते कॅमेरा घेऊन आत गेले. धड्यातलं काम राहिलं होतं. मी दारात उभी राहिले.

ते भिंतीवरच्या फोटोसमोर उभे होते. कॅमेरा डोळ्याला लावला, नेमाचा मधला ठिपका काकूंच्या डोळ्यांवर आणला असावा, आणि बटन अर्धं दाबलं. लेन्स पुढे गेली. घर्र. मागे आली. घर्र. पुन्हा पुढे. डोळे शोधत राहिली, आणि डोळे तिथे होते, पण धरायला कुठे कड नव्हती. काकांनी बोट सोडलं, पुन्हा दाबलं. घर्र. घर्र. ते एक पाऊल मागे सरकले. पुन्हा दाबलं.

मग त्यांचा हात थकला असेल. कॅमेरा किंचित खाली झुकला.

टीं.

बरणीवर.

काका तसेच उभे राहिले, एक डोळा मिटून. बटन त्यांनी पूर्ण दाबलं नाही.